पाण्याचा दिवस आणि दाजींचा शॉवर

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आईनं निळ्या पेनानं गोल केलेले असतात. बाहेरच्या माणसाला वाटतं संकष्ट्या असतील, नाहीतर दूधवाल्याचे खाडे. ते नळाला पाणी यायचे दिवस असतात. आमच्या भागात पाणी चार दिवसाआड येतं, आणि चार दिवसाआड म्हणजे चौथ्या दिवशी का पाचव्या, यावर सोलापुरात चहाच्या गाड्यावर तासभर वाद घालता येतो. पाचव्या. मधले चार कोरडे. मी एकदा बसून हिशोब केला, आठवडा सातचा, पाणी पाचचं, लसावि ३५, म्हणजे सगळं अगदी सुरळीत चाललं तरी एका रविवारी पाणी आल्यावर परत रविवारी यायला ३५ दिवस लागतात. आणि सुरळीत कुठलं चालतंय, कुठं लाईन फुटते, कुठं पंपाची लाईट जाते, की आईचे सगळे गोल एका घरानं पुढं सरकतात. शाळेत सर म्हणायचे लसावि पुढं आयुष्यात उपयोगी पडतो, तेव्हा आम्ही हसायचो.

पाण्याच्या दिवसाचे नियम असतात. त्या दिवशी घरात एक तरी धडधाकट माणूस पाहिजेच. लग्नाची पत्रिका आली की आधी मुहूर्त नाही बघत, निळा गोल बघतात. चादरी त्याच दिवशी धुवायच्या, कारण सोलापुरी चादर ही कोरडी असताना चादर असते, भिजल्यावर ती मढं होते, दोघांनी दोन टोकं धरून पिळल्याशिवाय दोरीवर चढत नाही. जगात नाव झालं, जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, सगळं खरं, पण ती धुवायला किती पाणी लागतं हे त्या सर्टिफिकेटवर लिहिलेलं नाही.

तर मे महिन्यात ताई, दाजी आणि भाचा पुण्याहून आले. पाण्याच्या हिशोबात तिसऱ्या दिवशी, म्हणजे टाकी अर्ध्याच्या खाली आणि हौद तळाला. आईनं फोनवर आडून आडून सुचवलं होतं की "दोन दिवसांनी या की, जरा निवांत होईल," पण ताईला कळलं नाही, का कळून न कळल्यासारखं केलं, कोण जाणे. माहेर आहे तिचं, तिला सगळं माहितीय, पण पंधरा वर्षं पुण्यात राहून माणूस विसरतो बहुतेक.

रात्री हुतात्मानं आले. (बाहेरच्याला "हुतात्मा आज लेट आहे" असलं वाक्य ऐकून दचकायला होतं, पण आम्ही रोज बोलतो. १९३१ साली फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांवरनं गाडीचं नाव आहे, आणि आम्ही खुशाल "हुतात्मा चुकली बे" म्हणतो.) स्टेशनवरनं रिक्षा केली. दाजी आयटीत आहेत, मोबाईलवर मॅप उघडून बसले आणि रिक्षावाल्याला रस्ता सांगायला लागले. रिक्षावाला म्हणाला, जुना विजापूर नाक्यावरनं घेतो. दाजी मला म्हणाले, "जुना म्हणजे, नवा कुठेय?" आता काय सांगणार. जुना पुणे नाका, जुना बोरामणी नाका, जुना तुळजापूर नाका, आमच्याकडं सगळे नाके जुनेच आहेत. जकात कधीची बंद झाली, नाक्यावरची माणसं रिटायर झाली, पण नाका म्हटलं की जुना. तसंच मिलचं. गिरण्या बंद पडून किती वर्षं झाली, तरी पत्ता सांगताना आम्ही अजून जुन्या मिलच्या कंपाउंडपासनंच सुरू करतो, आणि समोरच्याला कळतंसुद्धा. मॅपमधल्या बाईला कळत नाही, पण तो तिचा प्रॉब्लेम.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी टॉवेल खांद्यावर टाकून आंघोळीला गेले. आमच्या बाथरूममध्ये शॉवर आहे. घर बांधताना मिस्त्रीनं बसवला म्हणून आहे, आम्ही त्याच्यावर ओला बनियन वाळत घालतो. मी चहा घेत होतो, आई भाकरी थापत होती, आणि आतून आवाज आला. शॉवरचा. आईचा हात परातीतच थांबला.

पाणी कमी असलेल्या घरातल्या बायकांचे कान वेगळे असतात. आईला नुसत्या आवाजावरून कळतं, कोण किती तांबे घेतंय, कोणी नळ नीट बंद केला नाही, शेजारच्यांची टाकी कधी भरली. गच्चीवर जाऊन सिंटेक्सला बोटाच्या पेरानं टकटक केलं की लेव्हल सांगते, चार बोटं इकडं का तिकडं. ती ऐकत राहिली. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. आतनं दाजी गुणगुणायला लागले. गाणं म्हणणारा माणूस लवकर बाहेर येत नाही हे आम्हा दोघांनाही माहिती होतं.

"तू सांग की," आई हळूच म्हणाली.

"मी काय सांगू? जावई हायत."

"माझा जावई हाय म्हणूनच मला सांगता येईना. तुझे दाजी हायत, तू मस्करीत सांग."

आता बाथरूमच्या दाराबाहेर उभं राहून मस्करी कशी करायची? मी दोनदा खाकरलो. आतनं आवाज आला, "कोण, घाई आहे का?" मी म्हटलं, "नाही नाही, निवांत." आईनं कपाळावर हात मारला, पिठाचाच. तेवढ्यात घंटागाडी आली, ती तर रोज कुणीतरी आंघोळीला गेल्यावरच येते, तिला काय सीसीटीव्ही दिलाय का माहिती नाही, मी डबा घेऊन पळालो. गाणं वाजवत ती पुढच्या गल्लीत, मी मागं, एका हातात ओला एका हातात सुका, पायात दाजींचे बूट. परत आलो तरी शॉवर चालूच. भाचा खिडकीत उभा राहून हसत होता.

बरं ते एकदाचं झालं. पण मे महिना, बाहेर ४३ डिग्री. दुपारी दोनला आमच्या नळाला हात लावून बघा. गच्चीवरची टाकी दिवसभर तापते आणि नळाला फुकटचा गिझर चालू होतो, थंड पाणी पाहिजे असेल तर सकाळीच बादली भरून ठेवायला लागते. दाजींना हे नवीन. हात धुवायला गेले आणि "अरे! अरे!" करत उड्या मारत आले. मला इतकं बरं वाटलं की मी दोन मिनिटं किचनमध्ये जाऊन हसून आलो. संध्याकाळी मात्र त्यांना परत घाम आला आणि परत टॉवेल खांद्यावर. ताई "अहो, आता कशाला" म्हणाली, पण हळू आवाजात, नवऱ्याला ऐकू जाणार नाही आणि आईला ऐकू जाईल अशा बेतानं. ताई हुशार आहे.

आणि मग जे व्हायचं ते झालं. सात मिनिटांनी आवाज बारीक झाला, मग थेंब थेंब, मग दाजींची हाक. "पाणी गेलं का रे?" डोळ्यात साबण. मी पिण्याच्या पाण्याची एक घागर उचलली, आईनं माझ्याकडं असं बघितलं की मी अर्धी परत ओतली. अर्धी घागर दाराच्या फटीतनं आत दिली. आत बराच वेळ शांतता. नंतर दाजी बाहेर आले ते एका कानाजवळ फेस ठेवूनच, आणि कुणी काही बोललं नाही.

जेवताना विषय निघालाच. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, कांदा. दाजींनी विचारलं, "तुमचं धरण एवढं मोठं, उजनी, मग पाणी पाच दिवसांनी का?" मी त्यांना सांगायला लागलो आणि मला माझ्याच बोलण्यात गंमत वाटायला लागली. उजनी म्हणजे ११७ टीएमसीचं, म्हणजे ११७ अब्ज घनफूट पाण्याचं धरण. त्यातलं साधारण ६३ मृतसाठा, म्हणजे दारातनं सहज बाहेर न येणारं, वरचं ५३ च्या आसपास ते वापरायचं. ते संपलं की धरण मायनसमध्ये जातं. रोज पेपरात टक्केवारी येते, उणे अमुक. २०२४ च्या उन्हाळ्यात तर मायनस ६० च्या जवळ गेली होती.

"टक्का मायनस कसा असेल?" आयटीतला माणूस, त्यांच्या डोक्यात बसेना.

"ओव्हरड्राफ्ट असतो की बँकेत, तसं."

"मग व्याज कोण भरतं?"

"आम्ही," आई म्हणाली. भाकरी मोडत, वर न बघता.

तिथनं सोलापूरपर्यंत शंभर किलोमीटरच्या वर पाईपलाईन. धरणात पाणी असलं तरी ते एवढ्या लांबनं आणायचं, उपसायचं, टाक्या भरायच्या, मग एकेका भागाला वाटायचं, म्हणून धरण शंभर टक्के भरलं तरी आमचे निळे गोल काही जवळ येत नाहीत. पावसाळ्यात लोक उजनी भरली म्हणून स्टेटस ठेवतात, पेढे वाटतात, आणि नळाला पाणी पाचव्याच दिवशी. मलाही कळत नाही आम्ही खूष कशाबद्दल होतो, पण होतो. मीपण ठेवतो स्टेटस.

मग मला ते सुचलं. म्हटलं, "दाजी, पुण्यात तुमच्याकडं पाणी कुठलं?" म्हणाले, खडकवासला. "आणि आंघोळीचं जातं कुठं?" ते विचारात पडले. मग मीच सांगितलं. गटारातनं मुठेत, मुठा मुळेला मिळते, मुळामुठा पुढं भीमेला, भीमा उजनीत, उजनीतनं पाईपलाईननं आमच्या हौदात. वाटेत शुद्ध वगैरे करतात म्हणा, पण मूळ माल तोच. "म्हणजे आज सकाळी तुम्ही गाणी म्हणत जे अंगावर घेतलं ना, ते तुमचंच पाणी. पुण्यात वापरून झालेलं. आम्ही नुसतं सांभाळून ठेवलं होतं."

भाचा ताटातच लोळला हसून. दाजींनी चटणीचा घास घेतला होता, तो तसाच राहिला. ताई म्हणाली, "जेवताना काय रे बे तुझं!" पंधरा वर्षांनी तिच्या तोंडून आपलं सोलापुरी "बे" ऐकून आईला एवढं बरं वाटलं की तिनं तिला अजून एक भाकरी वाढली.

हा जोक नाही खरं तर. सोलापूरचा माणूस सोलापुरातल्या पावसाकडं बघतच नाही, इथं पडून पडून किती पडणार. जुलै लागला की आम्ही पुण्याचं हवामान बघतो. खडकवासल्यातनं किती क्युसेक सोडलं, दौंडला किती आलं. पुण्यात पूर येऊन गाड्या बुडायला लागल्या की टीव्हीसमोर बसलेला सोलापूरकर वाईट वाटून घेतो, आणि एका डोळ्यानं उजनीचा आकडा बघतो. चांगली गोष्ट नाही ही. पण आहे.

दुसरा दिवस म्हणजे निळा गोल. आई सकाळपासनं तयारीत, पिंप घासून, घागरी उपड्या, पाईप गुंडाळून नळापाशी. आमच्याकडं वेळ ठरलेली नाही, संध्याकाळी सातला येऊ शकतं, रात्री तीनलाही. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाढदिवस, देवाचे फोटो, कुणाचं कुत्रं हरवलेलं, सगळं असतं, पण निळ्या गोलाच्या दिवशी फक्त एकच प्रश्न असतो, "आलं का?" काय आलं ते कुणी लिहीत नाही. आणि गल्लीत तोंडी चार भाषांत चालतं. समोरच्या आजी खिडकीतनं "नीरु बंता?", कोपऱ्यावरच्या मावशी "नीळ्ळु वच्चिनया?", रिक्षावाले चाचा "पानी आया क्या?" आणि आम्ही "आलं का ओ?" उत्तर चौघांना एकच, मान हलवून नाही.

रात्री दहाला ग्रुपवर पडलं की लाईन फुटलीय, आज येणार नाही, उद्या बघू. आईनं कॅलेंडर काढून सगळे गोल खोडायला घेतले. दाजींनी विचारलं, "मग आता?" आई म्हणाली, "आता काही नाही." त्या "काही नाही" मध्ये काय काय होतं ते दाजींना बरोबर कळलं. त्या रात्री त्यांनी पाय धुतले ते एका तांब्यात. दोन्ही.

पुढच्या दिवसाचं काय सांगू, टँकर मागवला, तो दुपारी येतो म्हणून रात्री नऊला आला, पाईप पुरेना, शेजाऱ्यांचा जोडला. ते राहू दे.

शेजारच्या काकांचं मात्र सांगायलाच पाहिजे. काका भला माणूस. अडीअडचणीला पहिला धावून येतो, माझ्या वडिलांच्या वेळी रात्रभर दवाखान्यात बसला होता. पण नळाला पाणी आलं की काकांचा माणूसच बदलतो. त्यांनी नळाला डायरेक्ट मोटर लावलीय, एक एचपीची, आणि ती लावलीय हे ते मान्य करत नाहीत. आवाज येतो, पाईप थरथरतो, आमच्या नळाची धार करंगळीएवढी होते, त्यांची टाकी वाहून गच्चीवरनं धबधबा सुरू होतो, आणि काका गेटमध्ये उभं राहून म्हणतात, "यंदा प्रेशरच नाही बघ." मी विचारलं, काका तो आवाज कसला? म्हणाले, "मिक्सर." रात्री अडीचला. पाऊण तास मिक्सर. मी म्हटलं काय करायलाव एवढं? "चटणी." आता यावर माणूस काय बोलणार. शेंगाची खरी चटणी उखळात कुटतात, तेल सुटेपर्यंत, मिक्सरमध्ये नुसता भुगा होतो, हे काकांनीच मला लहानपणी शिकवलंय. (आमच्याकडं पण मोटर आहे. अर्धा एचपी. आम्ही ती काकांची चालू झाल्यावरच लावतो, म्हणजे आमचं स्वसंरक्षण.)

त्या रात्री पाणी आलं पावणेतीनला. ग्रुपवर पडलं, "आलं." एवढंच. गल्लीत एकदम दिवे लागले, दारं वाजली, बादल्या वाजल्या, काकांचा मिक्सर सुरू झाला. आमच्या वडिलांच्या लहानपणी मिलच्या भोंग्यावर सोलापूर उठायचं म्हणे, घड्याळ नसलेली घरंसुद्धा भोंग्यावर चालायची. मी उठून बाहेर येतो तर दाजी माझ्या आधी नळापाशी, लुंगी खोचून, हातात पाईप. आईच्या हाताखाली दीड तास काम केलं त्यांनी. पिंप, घागरी, बादल्या, कुकर, डबे, शेवटी भाच्याची खेळण्यातली बादली. काहीच रिकामं उरलं नाही तेव्हा आई म्हणाली, "आता चादरी काढा."

तर पहाटे चारला आमच्या अंगणात हिंजवडीचा एक सिनियर मॅनेजर ओल्या सोलापुरी चादरीचं एक टोक धरून उभा आणि दुसऱ्या टोकाला मी. आई म्हणते, पिळा. मी उजवीकडं पिळायला लागलो, दाजी पण त्यांच्या उजवीकडं, आणि समोरासमोर उभं असल्यावर बरोबर पीळ बसतो. पण मध्येच त्यांनी हात बदलला, पीळ सगळा उलगडला आणि अर्धी बादली पाणी दोघांच्या पायांवर. आई ओरडली, "अहो ते पाणी फरशीला वापरायचं होतं!" जावयाला ओरडायची तिची ही पहिली वेळ. ताई व्हिडिओ काढत होती. दाजी एवढे हसले की खाली बसले.

जाताना आईनं दोन किलो चटणी, वीस कडक भाकरी आणि एक मोठा टॉवेल दिला. पुण्यातनं कुणीही आलं की हे ठरलेलंच आहे, तक्रार एवढीच की भाकऱ्यांची पिशवी कुठंही ठेवा, पोचेपर्यंत भुगा होतो आणि मग फोन येतो, "तुटक्या दिल्या का रे?" चादर पण द्यायची होती, दाजी दोन्ही हात जोडून नको म्हणाले.

परवा, जुलैच्या शेवटी, त्यांचा फोन आला. आईलाच. तिनं स्पीकरवर टाकला. "आई, पाऊस जोरात आहे इकडे, खडकवासल्यातनं पाणी सोडलंय. मी सकाळीच बघून आलो, नदी भरून चाललीय. तुमच्याकडे पोचेल ना?"

"पोचंल की," आई म्हणाली. "तेवढा साबण जरा कमी लावा म्हणजे झालं."